वकिलांच्या दप्तरासाठी कोणती यंत्रणा घ्यावी?

व्यापार करायचा म्हटले की वकिलाशी संबंध येतोच. उधारी अडकते, धनादेश वटत नाही, गोदामाच्या भाड्यावरून तंटा उभा राहतो, भागीदारी मोडते, जीएसटीची नोटीस येते. माल पाठवताना आपण ट्रान्सपोर्टवाल्याची दहा ठिकाणी चौकशी करतो. पण ज्या दप्तरात आपली मूळ बिले, करारपत्रे आणि परत आलेले धनादेश ठेवलेले असतात, त्या दप्तराची व्यवस्था कशी आहे हे मात्र आपण कधी विचारत नाही.

या विषयाला दुसरीही बाजू आहे. व्यापारी आणि विणकर घरांतील मुले-मुली आता कायद्याचे शिक्षण घेऊन सनद मिळवत आहेत. स्वतःचे ऑफिस उघडायचे म्हटले की संगणक, प्रिंटर आणि सॉफ्टवेअर यांची यादी घरच्या वडीलधाऱ्यांपुढे येते आणि भांडवल मागितले जाते. विक्रेते रोज नवे काही दाखवून जातात. नेमके काय घ्यावे, काय सोडावे? आम्ही संगणकाचे तज्ज्ञ नाही. पण यंत्र विकत घेणे आणि त्याची किंमत वसूल करणे हा आमचा रोजचा हिशोब आहे. त्याच नजरेने हा विषय व्यापारी बंधूंपुढे आणि तरुण वकिलांपुढे मांडत आहोत.

आधी काम, मग यंत्र

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कोणत्याही कारखानदाराला विचारा. एअरजेट लूम साध्या लूमपेक्षा कितीतरी वेगाने चालतो. पण त्याला मजबूत सूत लागते, कॉम्प्रेसर लागतो, अखंड वीज लागते आणि चालवणारा शिकलेला कारागीर लागतो. यांतले एक जरी नसेल तर महागडा लूम उभा राहतो आणि बाजूचा जुना लूम कापड काढत राहतो.

वकिलाच्या ऑफिसचेही तसेच आहे. पहिल्या दिवशी दुकानात न जाता कागद-पेन घेऊन बसावे आणि महिनाभराच्या कामाची यादी करावी. तालुका न्यायालयात किती प्रकरणे आहेत, उच्च न्यायालयात किती? दिवाणी दावे जास्त की धनादेशाच्या फिर्यादी? मसुदे मराठीत होतात की इंग्रजीत? वेळ कशात जातो, टाइप करण्यात, कागद शोधण्यात, की तारीख कोणती हे विचारणाऱ्या पक्षकारांचे फोन घेण्यात? ज्या कामात सर्वांत जास्त वेळ किंवा पैसा वाया जातो, पहिला रुपया तेथे घालावा. पन्नास वकिलांच्या मुंबईतील पेढीला जे सॉफ्टवेअर शोभते, ते दोन वकील आणि एका मुन्शीच्या ऑफिसला ओझे होऊ शकते.

तारखांचा हिशोब सर्वांत पहिला

आमच्या मते वकिलाच्या ऑफिसात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मुदतीची नोंद. धनादेशाचेच उदाहरण घेऊ. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ प्रमाणे धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे देण्यासाठी १५ दिवस असतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडे माफी मागता येते. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र तशी सवलत नाही. विकलेल्या मालाच्या किमतीचा दिवाणी दावा साधारणपणे ३ वर्षांत लावावा लागतो. हे दिवस हातून गेले की खरी रक्कमही बुडीत खात्यात जाते. मग वकील कितीही हुशार असो, त्याचा उपयोग नाही.

पूर्वी हे काम मुन्शीच्या डायरीवर चाले. बऱ्याच ठिकाणी आजही तेथेच चालते. डायरी वाईट नाही. पण डायरी एकच असते आणि मुन्शी आजारी पडला की ती उघडत नाही. म्हणून तारखांची यंत्रणा घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. नोंद एकदा केली की ती ऑफिसातील सर्वांना दिसावी. मुदतीच्या बऱ्याच दिवस आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी आठवण व्हावी. आठवण एकाच माणसाकडे न जाता दोघांकडे जावी. छोट्या ऑफिसला एवढे काम फोनमधील सामाईक कॅलेंडरवरही करता येते. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

सरकारने दिलेली सोय याच्या जोडीला आहे. ई-कोर्ट प्रकल्प २००७ साली सुरू झाला. त्याच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. जिल्हा आणि तालुका न्यायालयातील प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. महाराष्ट्रातील क्रमांकाच्या सुरुवातीला एम आणि एच ही इंग्रजी अक्षरे असतात. ई-कोर्ट सर्व्हिसेस या मोफत ॲपवर हा क्रमांक टाकला की पुढची तारीख, प्रकरणाचा टप्पा आणि दाखल केलेले आदेश पाहता येतात. म्हणून कोणी विक्रेता ‘आमचे सॉफ्टवेअर तारखा दाखवते’ एवढेच सांगत असेल, तर ते फुकटही मिळते हे ध्यानात ठेवावे. पैसे द्यायचे ते त्यापुढच्या कामासाठी, म्हणजे शेकडो प्रकरणांच्या तारखा आपोआप एका यादीत येणे, मुदती मोजणे आणि पक्षकाराला कळवणे यासाठी.

व्यापारी बंधूंनीही एक सवय लावून घ्यावी. वकीलपत्रावर सही केली की काम संपले असे समजू नये. आपल्या प्रत्येक प्रकरणाचा सीएनआर क्रमांक खतावणीत लिहून ठेवावा. वकिलाला वारंवार फोन करण्याची गरजही त्यामुळे राहत नाही.

कागद, स्कॅनर आणि अक्षरांचा प्रश्न

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबई-ठाण्यात कोणी विसरलेला नाही. ऑगस्ट २००६ मध्ये सुरतेत तापीचे पाणी शिरले, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले. अशा पुरात कापडाचे ताके भिजतात आणि कागदही भिजतात. ताक्याचा विमा असतो, हिशोबाच्या मूळ वहीचा नसतो. म्हणून ऑफिसचे दुसरे मोलाचे यंत्र म्हणजे चांगला स्कॅनर. फोनने काढलेला वाकडा फोटो दप्तरात चालेल, न्यायालयात ई-फायलिंग करताना त्रास देईल. कागदांचा गठ्ठा आपोआप ओढणारा, दोन्ही बाजू एकदम घेणारा आणि ३०० डीपीआयवर साफ प्रत देणारा स्कॅनर बहुतेक ऑफिसांना पुरतो. जुनी करारपत्रे आणि शिवलेल्या वह्या असतील तर सपाट काचेचा स्कॅनरही लागतो, कारण वही रोलरमधून जात नाही.

स्कॅन केले म्हणजे झाले असेही नाही. फाइलचे नाव एका ठरलेल्या पद्धतीने द्यावे. आधी वर्ष, मग पक्षकाराचे नाव, मग कागदाचा प्रकार आणि तारीख. ऑफिसात तीन माणसांनी तीन पद्धतींनी नावे दिली तर संगणकातही जुन्या कपाटासारखाच गोंधळ होतो. आमच्या दुकानात ताक्यावर चिठ्ठी नसेल तर माल असूनही विकता येत नाही. येथे तोच न्याय आहे.

अक्षरांचा प्रश्न आपल्याकडे खास आहे. पुष्कळ ऑफिसांतील जुने मराठी मसुदे अशा फॉन्टमध्ये पडून आहेत की तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले तर नुसती इंग्रजी चिन्हे दिसतात. उर्दूचे जुने काम इनपेजमध्ये आहे, त्याचीही तीच कथा. ‘हे सॉफ्टवेअर मराठी आणि उर्दू युनिकोडमध्ये घेते का?’ हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारावा आणि तेथेच टाइप करून पाहावे. युनिकोडमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर जसाच्या तसा उघडतो आणि शोधताही येतो. छापील इंग्रजी कागद संगणक बऱ्यापैकी वाचतो, छापील मराठीही वाचतो. पण हाताने लिहिलेली उर्दू खतावणी किंवा मोडीतील जुना दस्त तो नीट वाचेल अशा भरवशावर राहू नये. त्यासाठी आजही जाणकार माणूसच हवा.

पुस्तकांचे कपाट की डेटाबेस

वकिलाच्या मागे जाड पुस्तकांचे कपाट दिसले की पक्षकाराला धीर येतो. नागपूरहून निघणारे ऑल इंडिया रिपोर्टर फार पूर्वीपासून या कपाटांत आहे. पण कायदा किती लवकर बदलतो याचा अनुभव व्यापाऱ्यांनी घेतलेला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दशरथ रूपसिंग राठोड प्रकरणात निकाल दिला की, धनादेशाची फिर्याद ज्या बँकेवर तो काढला आहे तेथील न्यायालयातच करावी. म्हणजे सुरतेच्या गिऱ्हाइकाचा धनादेश परत आला तर भिवंडीच्या व्यापाऱ्याने सुरतेला जावे. २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि खात्यात भरलेल्या धनादेशाची फिर्याद पैसे घेणाऱ्याच्या बँक शाखेच्या ठिकाणी करता येऊ लागली. ज्याच्या कपाटात २०१४ चे पुस्तक होते आणि नंतरची दुरुस्ती नव्हती, त्याचा सल्ला पक्षकाराला विनाकारण परगावी पाठवणारा ठरला असता.

त्याहून मोठा बदल १ जुलै २०२४ रोजी झाला. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीही नवे कायदे आले, आणि बहुतेक कलमांचे क्रमांक बदलले. म्हणून निकाल शोधण्याची संगणकीय सोय आता चैन राहिलेली नाही. मात्र पैसे भरण्याआधी फुकटचे वापरून पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर ही मोफत सेवा सुरू केली. इंडियन कानूनवरही निकाल वाचता येतात. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र यांसारख्या सेवांसाठी वर्गणी द्यावी लागते. तेथे निकालाचा सारांश, तो पुढे कायम राहिला की उलटला याची खूण आणि संबंधित निकाल एकत्र मिळतात. वरच्या न्यायालयात नेहमी काम करणाऱ्याला ती वर्गणी परवडते. नव्या वकिलाने आधी जिल्ह्याच्या बार असोसिएशनच्या ग्रंथालयात अशी सोय आहे का ते पाहावे.

व्हॉट्सॲपचा सौदा आणि पुरावा

आज ग्रे कापडाचे निम्मे सौदे फोनवर ठरतात. नमुन्याचा फोटो, भाव, ‘माल पाठवा’ हा संदेश, सर्व काही व्हॉट्सॲपवर. तंटा झाला की हाच पुरावा. पण त्याची नुसती छापील प्रत न्यायालयात पुरत नाही. याचा मोठा निकाल आपल्या महाराष्ट्रातील प्रकरणात झाला. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत आला की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे.

नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात त्या नोंदीची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. तेव्हा वकिलाच्या ऑफिसात अशी नोंद घेण्याची, मूळ प्रत न बदलता जपण्याची आणि हॅश काढण्याची सोय असावी. हॅश काढणारी साधने फुकट मिळतात, शिकायला फार वेळ लागत नाही. व्यापाऱ्याने आपल्या बाजूने तंटा सुटेपर्यंत जुना फोन विकू नये आणि संदेश पुसू नयेत.

पक्षकाराचे कागद ही अमानत

वकिलाला पक्षकाराने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगता येत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. बार कौन्सिलच्या नियमांतही तेच बंधन आहे. दुसऱ्याची अमानत सांभाळणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावण्याची गरज नाही. कागद संगणकात गेला म्हणून अमानत हलकी होत नाही, उलट चोरणे सोपे होते.

पनामातील मोसॅक फोन्सेका या वकिली पेढीचे सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवज एप्रिल २०१६ मध्ये जगापुढे आले आणि मार्च २०१८ मध्ये ती पेढी बंद झाली. डीएलए पायपर ही जगातील बड्या वकिली पेढ्यांपैकी एक. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या संगणक-विषाणूने तिचे फोन आणि ई-मेल ठप्प केले. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर गल्लीतल्या ऑफिसने कुलूप लावायला नको का?

हे कुलूप फार महाग नाही. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असावा. ई-मेलला पासवर्डसोबत फोनवरचा दुसरा कोडही असावा. नक्कल केलेले, बिनपरवान्याचे सॉफ्टवेअर टाकू नये, कारण विषाणू त्याच वाटेने येतात. ज्या संगणकाला सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही, तो बदलावा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली, म्हणून जुना संगणक स्वस्तात मिळतो तेव्हा हे आधी तपासावे. कागदांच्या तीन प्रती ठेवाव्यात. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक ऑफिसबाहेर. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल खरोखर उघडते का ते पाहावे. आणि कार्यालयाचे काम मुन्शीच्या खासगी व्हॉट्सॲपवर चालू देऊ नये. मुन्शी नोकरी सोडून गेला तर पक्षकारांचे कागदही त्याच्या खिशातून जातात.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा मोह

आता विक्रेते सांगतात की संगणक स्वतःच दावा लिहून देतो. मसुद्याचा पहिला खर्डा, लांब निकालाचा सारांश, भाषांतर या कामांत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत होते, यात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी सुवास हे सॉफ्टवेअर आणले. पण न्यूयॉर्कचा किस्सा प्रत्येक वकिलाने टेबलावर लिहून ठेवावा. २०२३ मध्ये माटा विरुद्ध एव्हिआन्का या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल न्यायालयात दाखल केले. तपासल्यावर ते निकाल अस्तित्वातच नव्हते असे आढळले. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. अब्रू गेली ती वेगळी. जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी धोरण काढले की, निर्णय देण्याच्या कामात अशी साधने वापरू नयेत.

म्हणून नियम सोपा ठेवावा. यंत्राने सांगितलेला प्रत्येक निकाल मूळ जागी उघडून वाचल्याशिवाय कागदावर येऊ देऊ नये. आणि पक्षकाराचे नाव, हिशोब, करार अशा फुकट सेवांत टाकू नये. फुकट माल देणारा किंमत कोठून वसूल करतो, हे व्यापाऱ्याला कळायला वेळ लागत नाही.

सौदा करताना

पाटीवरची किंमत म्हणजे पूर्ण किंमत नव्हे. वर्षाची वर्गणी, माणूस वाढला की वाढणारा दर, शिकवण्याचा खर्च, जुने कागद आत घालण्याची मजुरी आणि दुरुस्ती, हे सर्व तीन वर्षांचे धरून बेरीज करावी. स्वस्त प्रिंटरची शाई महाग पडते, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. विक्रेत्याला पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे.

आमची माहिती कोठे ठेवली जाईल? उद्या तुमची सेवा सोडली तर सर्व कागद आणि तारखा साध्या फाइलींमध्ये परत मिळतील का, किती दिवसांत आणि किती पैशांत? इंटरनेट बंद पडले तर काम चालेल का? बिघाड झाला तर फोन कोण घेईल, मराठीत किंवा हिंदीत बोलेल का? आपल्याच जिल्ह्यातील एखादे ऑफिस ते वापरते का, त्यांना भेटता येईल का? महिनाभर वापरून पाहता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोलमाल आले तर सौदा तेथेच थांबवावा. ज्या गोदामात माल ठेवता येतो पण काढता येत नाही, तेथे कोणी ताके ठेवत नाही.

नव्या ऑफिसने एकदम सगळे घेऊ नये. आमच्या हिशोबाने क्रम असा असावा. आधी चांगला संगणक, स्कॅनर आणि प्रतींची सोय. सोबत तारखांची सामाईक नोंद. मग ई-फायलिंगसाठी डिजिटल सही. त्यानंतर कामाची गरज पाहून निकालांची वर्गणी. प्रकरणे शंभराच्या पुढे गेली आणि माणसे वाढली की मग संपूर्ण ऑफिस सांभाळणारे सॉफ्टवेअर. आणि ज्याच्या हाती हे यंत्र जाणार त्या मुन्शीला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावे. त्याला विश्वासात न घेता आणलेली यंत्रणा पहिल्या महिन्यानंतर धूळ खात पडते.

व्यापारी बंधूंनी पुढच्या वेळी वकिलाकडे जाताना फीबरोबर तीन गोष्टी नम्रपणे विचाराव्यात. माझ्या मुदतीची नोंद कोण ठेवतो? माझ्या कागदांची दुसरी प्रत कोठे आहे? माझे कागद कोणाकोणाच्या हाती जातात? चांगला वकील या प्रश्नांनी रागावणार नाही. आणि ज्यांची मुले नव्याने या पेशात उतरत आहेत, त्यांनी भांडवल देताना हेच तीन प्रश्न घरातही विचारावेत.